सिरिगड्डच्या पाच पेट्या

त्या दिवशी मी आधी चिक्कडपल्लीच्या बाजारात गेले आणि दात घासायचे एक डझन ब्रश घेतले. कडक. दुकानदार हसून म्हणाला, "अक्का, घर में कित्ते लोगां हैं?" मी म्हटलं, "लोगां नक्को गिन, ब्रशां गिन." त्याला कशाला सांगत बसू, की हे ब्रश माणसांच्या तोंडाला लागत नाहीत, जमिनीतून निघालेल्या मडक्यांना लागतात.

सतरा वर्षं मी हेच काम करते आहे. जुनं शहर खणतात, त्यातली खापरं पोत्यांत भरून तारनाक्याच्या गोदामात येतात आणि मी ती धुते. शिक्षण चौथी. पण कुठलं खापर कुठल्या खड्ड्यातलं आणि किती खोलीवरचं, हे मला विचारा. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी असते. चिठ्ठी एकीकडे आणि खापर दुसरीकडे झालं की ते खापर कचरा. म्हणून माझी एक रीत आहे आणि ती मी कुणाला मोडू देत नाही. सगळ्यात खोल थरातला माल मागच्या भिंतीशी, सगळ्यात वरच्या थरातला दाराशी, मधले थर क्रमाने मध्ये. मोठमोठ्या पदव्यांची पोरं येतात आणि चुकतात. मी चुकत नाही.

नाही, चुकले. एकदा. तेच सांगायला बसले आहे, मध्ये बोलू नका.

ते शहर म्हणजे सिरिगड्ड. इथून गाडीने अडीच तास, नदीच्या वळणावर. आता तिथं शहर कसलं, एक टेकाड आहे आणि टेकाडावर दर्गा. पण खणायला लागलं की दर्ग्याच्या अंगणाखाली महादेवाचं देऊळ, देवळाखाली जैनांची बसदी, बसदीखाली बुद्धाच्या स्तूपाच्या विटा. ज्या धर्माचा माणूस आला त्याला हीच जागा पवित्र वाटली. का, ते कुणाला ठाऊक नाही. अजून पौर्णिमेला सगळ्या जातींच्या बाया तिथं येतात, आपापल्या देवाला हात जोडतात आणि एकमेकींच्या डब्यातलं खातात.

खोदकामाच्या प्रमुख आमच्या मेधा मॅडम. पुण्याच्या. नवरा कंप्युटरच्या कंपनीत, म्हणून इकडे आल्या. बाई हुशार आहे, पण देवाधर्माचं काही सांगायला गेलं की "अहो रंजनाताई" म्हणून हसते. त्यांची तन्वी सहा वर्षांची. शाळा जवळच. दुपारी सुटली की पाच वाजेपर्यंत गोदामात माझ्यापाशी. मला मावशी म्हणते. मला मूलबाळ नाही आणि त्यावर कुणी कीव केलेली मला खपत नाही. पण त्या पोरीच्या डब्यात उरलेली पोळी रोज मी खायचे, एवढं सांगते.

या वर्षी दर्ग्याच्या अंगणात एक खड्डा विहिरीसारखा सरळ खाली नेला. दीड हातावर एक परळ निघालं. परळ म्हणजे मातीचं पसरट भांडं. पालथं घातलेलं. उचललं तर खाली मऊ पांढरी राख आणि राखेत एक पाऊल. लहान पोराचं. डावं. मॅडमनी तेवढा मातीचा ठोकळा कापला, खालून प्लास्टर भरलं आणि लाकडी पेटीत बसवून वर काढला. त्याच्याखाली, देवळाच्या थरात, बरोबर त्याच जागी दुसरं परळ. तशीच राख. उजवं पाऊल. बसदीच्या थरात डावं. स्तूपाच्या थरात उजवं. आणि सगळ्यात खाली, जिथं कुठल्याच देवाचा मागमूस नव्हता, नुसती काळी माती, तिथं पाचवं. डावं.

माप एकच. मी वितीनं मोजलं. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या पावलात दोन हजार वर्षांचं अंतर आहे असं मॅडम म्हणतात. पाऊल मात्र तेच.

मला तर पहिलं बघूनच कसंतरी झालं होतं. आपल्यात माणूस गेलं की ते गेलं त्या जागी पीठ पसरतात, दिवा ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघतात, पिठात कशाचा ठसा उमटला ते. चिमणीचा, मुंगीचा, वासराचा. गेलेला कुठल्या जन्माला गेला ते कळतं. माझी सासू गेली तेव्हा आम्हीही बघितलं. पण ती टोपली सकाळी उचलतात. इथं कुणी उचललीच नव्हती. वर माती साचली, नवा देव आला, आणि त्या देवाच्या माणसांनीही वर आपलं परळ पालथं घातलं.

दर्ग्याचे म्हातारे मुजावर महेबूबसाब खड्ड्याच्या काठावर बसून असायचे. मी विचारलं, "साब, ये औंधा कायकू रखते?"

"हर साल उर्स कू इसी जगा के उप्पर रखते बेटी. हमारे अब्बा रखते थे. उनसे पैले पुजारी लोगां रखते थे."

"मगर कायकू?"

"पूछने का नै," ते म्हणाले, "रखने का."

पेट्या टेम्पोत चढवताना त्यांनी माझं मनगट धरलं. "एक के उप्पर एक रखना. जैसे थे वैसे." मी हौ म्हटलं. त्यांच्या हातावर हात ठेवून हौ म्हटलं. आणि गोदामात आल्यावर माझी रीत चालवली. काळ्या मातीची पेटी भिंतीशी, मग स्तूपाची, मग बसदीची, मग देवळाची, आणि दर्ग्याची दाराकडे. एकेका हातावर. सरळ रेषेत.

एप्रिल महिना. शुक्रवारी दिल्लीहून कोणी मोठे लोक बघायला येणार होते. मॅडम म्हणाल्या, "रंजनाताई, पाचही परळं काढून धुऊन ठेवा. राखेला मात्र धक्का लावू नका हं." आणि मीटिंगला गेल्या.

गोदाम म्हणजे जुना छापखाना. खिडकी नाही. उंचावर एक झरोका आणि पुढे लोखंडी शटर. गल्लीतली कुत्री आत घुसतात म्हणून शटर खाली ओढून आतून कडी घालायची. तन्वी शटरजवळ स्टुलावर बसून चित्र रंगवत होती. मी मागे, टबापाशी. मी भिंतीकडून सुरुवात केली, एकेक परळ उचललं, घासलं, पुसून फळीवर ठेवलं. गढूळ पाणी दाराजवळच्या मोरीकडे सोडून दिलं. फरशीवर चिखलाची पातळ साय पसरली.

साडेतीनला लाईट गेली.

पंखा फिरत फिरत मंद झाला आणि थांबला. बाहेरचा रस्ताही एकदम गप्प झाल्यासारखा वाटला. झरोक्यातून चादरीएवढा उजेड खाली पडला होता, बाकी सगळं अंधुक. आणि वास यायला लागला. पाणी मारून विझवलेल्या चुलीचा वास. भर उन्हाळ्यात, शटरबंद गोदामात, ओल्या राखेचा वास.

"तन्वी, हलू नको हं. येईल लाईट."

तिचं रंगवणं थांबलं.

मग आवाज आला. चप्. अंघोळ करून आलेलं पोर फरशीवर पाय टाकतं ना, तसा. मी म्हटलं, टबातून पाणी ठिबकलं असेल. थोडा वेळ गेला. चप्.

"मावशी..." तन्वी हळूच म्हणाली. "ती विचारतेय, येऊ का."

"कोण गं?"

"ती. तिथं उभी आहे ती."

मला कुणी दिसत नव्हतं. पण उजेडाच्या त्या चादरीत, दर्ग्याच्या पेटीपुढे, चिखलाच्या सायीवर एक पाऊल होतं. उजवं. त्याच्यापुढे हातभरावर एक डावं. मघाशी तिथं काही नव्हतं. मीच तर पाणी सोडलं होतं.

मी वळून ओळीकडे बघितलं. भिंतीपासून दारापर्यंत पाच पेट्या, पाच उघडी पावलं. डावं, उजवं, डावं, उजवं, डावं. सगळ्यांची बोटं दाराकडे. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जमिनीत ही पावलं एकावर एक होती. जागच्या जागी. चालायला जागाच नव्हती. मी त्यांना ओळीत मांडलं होतं. दोन हजार वर्षांत कुणी केलं नाही ते मी केलं. मी वाट करून दिली.

त्या पुढच्या पावलापासून तन्वीचं स्टूल चार पावलांवर होतं.

"तन्वी," मी म्हटलं, "तिला नाही म्हण."

"पण ती रडतेय, मावशी..."

"नाही म्हण! मोठ्यानं म्हण!"

"ती म्हणते, लवकर... लवकर हो म्हण..."

चप्. आणखी एक.

"शटर उघड आणि बाहेर पळ!" मी ओरडले. पण कडी तिच्या डोक्याच्या वर होती आणि शटर तिला हलणारं नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. पोर स्टुलावर दोन्ही पाय वर घेऊन बसली होती. तिचे डोळे एका जागी लागले होते. माणूस उभा असला की त्याच्या तोंडाकडे बघावं, तसे. तिच्याच उंचीवर.

माझ्या पाठीमागे, भिंतीकडे, पोतं ओढल्यासारखा आवाज झाला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. पोती तिथं रचलेलीच होती, एखादं घसरलं असेल.

मी भित्री बाई नाही. नवऱ्यानं हात उचलला तेव्हा त्याचाच हात पिरगाळून घराबाहेर काढलाय. मी फळीवरचं पहिलं परळ घेतलं आणि काळ्या मातीच्या पावलावर पालथं घातलं. मग स्तूपाची पेटी उचलली. पेटीच्या कडा वीतभर उंच आहेत, त्यामुळे आतलं परळ दबत नाही. वजन असेल पंचवीस किलो. भिंतीशी नेऊन पहिल्या पेटीवर ठेवली. परळ पालथं. बसदीची उचलली. ठेवली. परळ पालथं. देवळाची. माझ्या कमरेतून कळ गेली. भिंतीपाशी तो वास असा, की घशात राख बसावी. आणि दर वेळी मी तिथं वाकले की ते पोतं ओढल्यासारखं जवळून, अगदी कोपराजवळून जायचं.

"मावशी, नको ना..." तन्वी रडायला लागली. "ती म्हणते नको..."

चप्, चप्, चप्. आता पावलं उलटी येत होती. दर्ग्याच्या पेटीकडे. फरफटत आणल्यासारखी. शेवटची पेटी उरली होती. मी ती उचलायला गेले आणि उचलेना. मघाच्याच पेट्यांसारखी पेटी. पण आता तिचं वजन वाढलं होतं. किती वाढलं तेही सांगते. सहा वर्षांचं पोर कडेवर घेतलं की जेवढं लागतं तेवढं.

मी ती छातीशी धरून नेली. वर चढवली. पाचवं परळ पालथं घालायला गेले तर खालून धक्का बसला. लहान तळहातानं ढकलावं तसा. गरम. मी दोन्ही हातांनी दाबलं. पुन्हा धक्का. मग अंगाचा सगळा भार टाकला आणि ओरडले, "बस खाली! जिथली आहेस तिथं बस!"

एकदम सगळं थांबलं.

लाईट आली. पंखा फिरायला लागला. तन्वी स्टुलाशेजारी जमिनीवर बसून हुंदके देत होती. तिच्या पायांना हात लावून बघितला. कोरडे होते. मी तिला उचललं आणि शटर वर करून भर उन्हात रस्त्यावर जाऊन उभी राहिले. ऊस पिळणाऱ्याच्या गाडीपाशी. तो म्हणाला, "क्या हुआ अक्का, चोर घुसा क्या?" मी म्हटलं, "रस पिला पोट्टी कू, बर्फ मत डाल."

मॅडम आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "रंजनाताई! हे काय करून ठेवलंत? अहो, फोटोवाला बाहेर उभा आहे!"

"फोटो काढायचा तर असाच काढा. एकावर एक."

"आणि तन्वीवर ओरडलात म्हणे?"

"ओरडले. गरज पडली तर परत ओरडेन."

"तुम्हाला झालंय तरी काय?"

मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, एवढं कबूल करते. फरशीवरची पावलं बघायला गेल्या, पण तिथं माझीच पावलं फिरलेली होती. नुसता चिखल. शेवटी म्हणाल्या, "उन्हाचा त्रास झाला असेल तुम्हाला. शुक्रवारी मी स्वतः त्या उतरवीन." मी म्हटलं, "मग मला आधी कामावरून उतरवा." दिल्लीच्या लोकांनी पेट्या रचलेल्याच बघितल्या. तन्वीसाठी मात्र दुसऱ्या दिवसापासून घरी एक बाई ठेवली गेली.

शनिवारी मॅडम काही कागद न्यायला आल्या, तन्वी बरोबर होती. पोर उंबऱ्याशी थांबली, आत येईना. मी डब्यातला शंकरपाळा पुढे केला. तिनं घेतला नाही.

"रागावलीस माझ्यावर?"

"तू तिला परत आत का कोंडलंस?"

"ती तुझ्या अंगावर येत होती, बाळा."

"नाही," तन्वी म्हणाली. मोठं माणूस लहानाला समजावतं तशी म्हणाली. "ती माझ्याकडे येत नव्हती. ती पळत होती. ती म्हणत होती लवकर, लवकर. तिच्या मागे ते होतं ना."

"ते म्हणजे?"

"ते. ज्याला पाय नाहीत."

मॅडम आतून बाहेर आल्या, "चला" म्हणाल्या, दोघी गेल्या. मी तिथंच उभी राहिले. ज्याला पाय नाहीत त्याचा ठसा राखेत कसा उमटणार? मॅडमनी खणलं, मोजलं, फोटो काढले. मी वीत लावली. आम्हाला दिसलं ते फक्त पाय असलेलं. आणि ती परळं... दोन हजार वर्षं सगळ्या देवांची माणसं वर परळ घालत आली. मी समजले, ते त्या पोरीला बाहेर येऊ देत नव्हते. पण पोरांना आपण पांघरूण कशासाठी घालतो? कोंडायला घालतो का?

मी रचलेल्या पेट्यांपाशी गेले. सगळ्यात वरचं परळ उचलायला हात नेला. आणि मग खाली बघितलं. त्या दिवसापासून मी तिथं झाडू लावला नव्हता. फरशीवर वाळलेल्या चिखलाची आणि प्लास्टरची धूळ होती. पण पेट्यांभोवती मात्र नव्हती. हातभर रुंदीचा एक पट्टा लख्ख पुसून निघाला होता. गोल. एकदा नाही, फेऱ्यांवर फेऱ्या मारून गुळगुळीत केल्यासारखा. जशी सगळ्या देवांची माणसं घालतात तशी प्रदक्षिणा. पावलं कुठंच नाहीत. आणि तो पट्टा एका जागी गोल सोडून सरळ निघाला होता. दाराकडे. शटरच्या फटीखालून बाहेर.

मी हात मागे घेतला. परळ तसंच राहू दिलं. ती आत असेल तर निदान झाकलेली आहे.

तेव्हापासून मॅडमना कसं सांगू, हाच विचार करते आहे. त्या हसतील, की मला काढतील, त्याची मला फिकीर नाही. पण शब्द सापडत नव्हते. काल रात्री जेवताना त्यांचाच फोन आला. आवाज खुशीत होता. राग गेला होता.

"रंजनाताई, एक गंमत सांगते. ही नवी बाई फारच स्वच्छ निघाली हो. बाकी घर कसंही असो, पण तन्वीच्या पलंगाभोवती रोज सकाळी फरशी अशी चकाचक असते, की आरशासारखी. नुसती गोल पुसलेली. मी तिला म्हटलं, अगं, आमच्या खोलीतही पूस की असं. तर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, मॅडम, तन्वीच्या खोलीची फरशी मी अजून पुसलेलीच नाही."